नकाशावरची तुटक रेषा

सुट्टी लागली की चार मित्र एकत्र जमतात, नकाशा पसरतात आणि कोठे जावयाचे याचा बेत ठरवितात. शिदोरी काय घ्यावयाची, मुक्काम कोठे करावयाचा, यावर घटकाभर वाद होतो. त्या वादात एक प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. ज्या मुलखातून आपण जाणार, तेथल्या माणसाला वाट कोण विचारणार आणि त्याने सांगितलेले कोण ऐकणार? आपल्याकडे सह्याद्रीत वाट चुकली, तर बहुतेक वेळा एखादी रात्र उघड्यावर काढून भागते. पायथ्याची वाडी फारशी दूर नसते. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागात असे प्रदेश आहेत की, तेथे या एका उणिवेची किंमत माणसाला प्राण देऊन चुकवावी लागली आहे. आज आम्ही श्रोत्यांसमोर अशाच एका सहलीचा इतिहास मांडणार आहोत. दोन मित्र आणि त्यांचा एक वाटाड्या १९०३ साली एका होडीतून लाब्राडोरच्या रानात शिरले. तिघांपैकी दोघे परत आले. दोन वर्षांनी त्याच प्रदेशातून, त्याच वाटाड्यासह, एक विधवा स्त्री सुखरूप पार गेली. या दोन प्रवासांत फरक कशाने पडला, हा आजचा विषय आहे.

प्रथम त्या होडीविषयी दोन शब्द. तिला कनू म्हणतात. ती अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती आणि हातातल्या वल्ह्याने चालवावयाची असते. उत्तर अमेरिकेतील आदिवासी ती बर्च झाडाच्या सालीपासून बनवीत. सीडरच्या लाकडाच्या पातळ फासळ्या, त्यांवर सालीचे आच्छादन, झाडाच्या मुळ्यांनी घातलेली शिवण आणि सांध्यांवर राळेचा लेप, एवढ्या सामग्रीत ही होडी तयार होई. लोखंडाचा खिळासुद्धा तिला लागत नसे. तिचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा. तो सारा प्रदेश सरोवरे, नद्या आणि धबधबे यांनी विणलेला आहे. एक पाणी संपले, की होडी उचलून खांद्यावर घ्यावयाची, सामान पाठीवर बांधावयाचे, मधली जमीन पायी तुडवावयाची आणि पुढल्या पाण्यात होडी सोडावयाची. १६७० साली हडसन बे कंपनीला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. त्यानंतर बीव्हर आदी जनावरांच्या केसाळ कातड्यांचा जो प्रचंड व्यापार वाढला, तो अंतर्भागात याच होडीच्या आधाराने पसरला. गोऱ्या व्यापाऱ्यांनी होडी आदिवासींची घेतली, आणि वाटाही त्यांच्याच घेतल्या, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या व्यापारी होडीला एक नवे गिऱ्हाईक मिळाले. कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या शहरांतील सुशिक्षित माणसे रजेत मित्रांसह रानात जाऊ लागली. सालीची जागा कॅनव्हासने घेतली. न्यूयॉर्कमधून निघणाऱ्या 'आउटिंग' या मासिकासारखी मासिके अशा सहलींची वर्णने छापू लागली. त्या मासिकाच्या संपादकवर्गात लिओनिडास हबर्ड नावाचा एक तरुण होता. तो मिशिगनमधील, जन्म १८७२ चा. दुसऱ्यांच्या साहसाची वर्णने तपासता तपासता आपणही एखादे मोठे साहस करावे आणि त्यावर लिहावे, अशी ओढ त्याला लागली. त्याचा मित्र डिलन वॉलेस हा त्याच्याहून वयाने मोठा, वकिली करणारा विधुर होता. हबर्डने त्याच्यापुढे लाब्राडोरचा बेत मांडला आणि वॉलेसने होकार दिला.

लाब्राडोर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा मोठा द्वीपकल्प. त्याचा पूर्वेकडील भाग त्या वेळी न्यूफाउंडलंड या ब्रिटिश वसाहतीत मोडत असे. १९४९ पासून तो कॅनडात आहे. किनाऱ्यावर व्यापारी ठाणी आणि मासेमारांची वस्ती होती. अंतर्भागात इनू लोक कॅरिबूच्या कळपांमागे फिरत. जुन्या पुस्तकांत त्यांच्या शाखांना नास्कापी आणि मोंतान्ये अशी नावे दिलेली आढळतात. कॅरिबू म्हणजे रेनडियरच्या जातीचे हरिण. हबर्डचा बेत असा होता की, नॉर्थ वेस्ट रिव्हर या ठाण्यावरून निघावयाचे, ग्रँड लेक ओलांडून नास्कापी नदीने मिचिकामाऊ या विस्तीर्ण सरोवराला जावयाचे आणि पुढे जॉर्ज नदीने उत्तरेस उंगावा उपसागर गाठावयाचा. वाटेत इनूंची कॅरिबूची मोठी शिकार पाहावयाची, हा त्याचा विशेष हेतू होता.

या दोघांना वाटाड्या मिळाला तो जॉर्ज एल्सन. क्री आई आणि स्कॉटिश बाप यांच्या पोटी जन्मलेला, जेम्स उपसागराकडचा हा माणूस रानात मुरलेला होता. परंतु त्याचे रान वेगळे. लाब्राडोर त्यानेही पूर्वी पाहिला नव्हता. तो पगारावर ठेवलेला माणूस, आणि त्यातून मिश्र रक्ताचा. त्या काळच्या समाजात या दोन गोष्टींनी माणसाची पायरी ठरत असे. पुढील हकिकत समजून घेताना ही पायरी विसरता येत नाही.

१५ जुलै १९०३ रोजी तिघे नॉर्थ वेस्ट रिव्हर येथून निघाले. होडी एकच, अठरा फुटी. मासे धरण्याचे जाळे हाती आले ते जुने आणि कुजके. बंदुका होत्या त्या मोठ्या जनावरांसाठी. उडत्या पाखरांवर मारावयाची छऱ्याची बंदूक बरोबर नव्हती. रानात शिकार भरपूर मिळेल, या भरवशावर शिधाही बेताचाच घेतला होता. आणि नकाशा होता तो कॅनडाच्या भूगर्भ खात्यातील ए. पी. लो या संशोधकाच्या पाहणीवर आधारलेला. लो हा मोठा सचोटीचा माणूस. मिचिकामाऊपर्यंत तो दुसऱ्या बाजूने गेला होता. मिचिकामाऊपासून ग्रँड लेकपर्यंतचा भाग त्याने स्वतः पाहिला नव्हता, म्हणून तेथे त्याने नदी तुटक रेषेने दाखविली. पाहणाऱ्याला तुटक रेषेचा अर्थ एवढाच, की हे आम्ही ऐकले आहे, पाहिलेले नाही. परंतु नकाशा हाती घेऊन निघालेल्या उत्सुक माणसाला तुटक रेषाही सरळच दिसू लागते.

सुमारे चाळीस मैल लांबीच्या ग्रँड लेकच्या वरच्या बाजूस एकच नदी मिळते, असे नकाशा पाहून वाटत होते. प्रत्यक्षात तेथे एकाहून अधिक नद्या मिळतात. ठाण्यावर विचारपूस झाली होती. परंतु ही एक गोष्ट तिच्यातून निष्पन्न झाली नाही. नास्कापीचे मुख आडवळणी आहे. ते मागे टाकून हे तिघे सरोवराच्या टोकास गेले आणि तेथे मिळालेल्या सुझान नावाच्या ओढ्याला नास्कापी समजून त्यात शिरले. ओढा उथळ, दगडांनी भरलेला. होडी ओढीत, वाहून नेत, दिवसाला दोनतीन मैलांची मजल मोठ्या कष्टाने होई. डास आणि काळ्या माश्या यांनी अंग फोडून काढले. नास्कापीसारखी मोठी नदी अशी असणार नाही, ही शंका यावयास जागा होती. परंतु मागे फिरून सरोवराचा काठ पुन्हा धुंडाळावा, हे झाले नाही. उत्तरेकडील उन्हाळा मोठा तोकडा. त्याचे बहुमोल आठवडे या ओढ्यात आणि त्यापुढील पाणथळीत खर्ची पडले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हबर्ड व एल्सन एका डोंगरावर चढले, तेव्हा त्यांना दूरवर मिचिकामाऊचे पाणी दिसले. दिसले, पण हाती आले नाही. वादळी वाऱ्याने होडी पाण्यात घालणे अशक्य झाले. दिवसामागून दिवस काठावर बसून काढावे लागले, आणि शिधा संपत चालला. अखेर हबर्डने परतण्याचा निर्णय घेतला. ज्या माणसाने वर्षभर हे एकच स्वप्न उराशी बाळगले, त्याला ध्येय दृष्टीच्या टप्प्यात असताना पाठ फिरवावी लागली. त्या मनोवेदनेची कल्पना करणे अवघड नाही.

परतीची वाट ही उपासमारीची वाट ठरली. येताना टाकून दिलेली हाडे पुन्हा उकळून त्यांचे पाणी प्यावयाचे, कॅरिबूच्या कातड्याचे जोडे शिजवून खावयाचे, अशी पाळी आली. ऑक्टोबरच्या मध्यास ते एका मोठ्या नदीवर होते. येथे दोन मार्ग होते. त्याच नदीने होडीतून खाली जावयाचे, किंवा होडी सोडून ज्या वाटेने आलो त्या सुझानच्या खोऱ्यातून पायी परतावयाचे. या वेळी एल्सनने एक स्वप्न सांगितले. वॉलेसने पुढे आपल्या पुस्तकात ते नमूद केले आहे. स्वप्नात प्रभू दिसला आणि त्याने ही नदी सोडू नका, ती तुम्हाला ग्रँड लेकला नेईल, असे सांगितले, असे एल्सनचे म्हणणे. हबर्डने विचार केला, आणि माहितीची वाट बरी म्हणून नदी सोडली. ती मोठी नदी खरोखरच ग्रँड लेकला जात होती.

या स्वप्नावर आम्हास थोडे थांबावेसे वाटते. क्री लोकांत स्वप्नाला मार्गदर्शक मानण्याची जुनी परंपरा आहे. एल्सनने ते मनोभावे सांगितले असणार यात शंका नाही. परंतु दुसरीही एक बाजू आम्हास दिसते. हा आमचा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो घ्यावा. पगारी माणसाने धन्याचा बेत तोंडावर चूक म्हणावा, असा रिवाज कोठेच नसतो. आपल्या घरातील जुना गडीसुद्धा "धनी, हे चुकते आहे" असे म्हणत नाही. "लोक असे म्हणतात बुवा" एवढेच म्हणून गप्प बसतो. नद्यांच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाची नजर त्या मोठ्या पाण्याकडे पाहून काही सांगत असेल, आणि ते सांगण्यास त्याला स्वप्नाचे तोंड मिळाले असेल. ऐकणाऱ्यांनी स्वप्न ऐकले. स्वप्न पाहणाऱ्याचा सल्ला मात्र त्यांना ऐकू आला नाही.

मात्र हबर्डवर अन्याय होऊ नये. तो उद्धट नव्हता. आपल्या सोबत्यांवर त्याचे मनापासून प्रेम होते आणि शेवटपर्यंत राहिले. १८ ऑक्टोबरला त्याच्याने पुढे चालवेना. तंबू ठोकून त्याला तेथे ठेवावयाचे, बाकी दोघांनी येताना टाकलेले थोडे पीठ शोधावयाचे, वॉलेसने ते घेऊन परत यावयाचे आणि एल्सनने मदतीसाठी ग्रँड लेककडे जावयाचे, असे ठरले. बायबलातील अध्याय वाचून तिघांनी निरोप घेतला. त्या दिवशी हबर्डने रोजनिशीत शेवटची नोंद केली. भुकेच्या वेदना आता ओसरल्या आहेत, सोबती पराकाष्ठा करतील, याविषयी आपणास विश्वास आहे, असा त्या नोंदीचा भाव आहे. पुढे पीठ सापडले. ते बुरशीने काळे झालेले होते. वॉलेस ते घेऊन फिरला, परंतु बर्फाच्या वादळात त्याला तंबू सापडला नाही. एल्सन मात्र बर्फातून चालत, लाकडांचा तराफा बांधून पाणी ओलांडीत, महिना संपण्यापूर्वी ग्रँड लेकच्या काठी एका शिकाऱ्याच्या घरी पोहोचला. तेथल्या चौघा शिकाऱ्यांनी धाव घेतली आणि ३० ऑक्टोबरला वॉलेसला वाचविले. तंबूत हबर्ड मृतावस्थेत आढळला. पुढील मार्चमध्ये एल्सनने सोबत्यांसह जाऊन त्याचा देह बर्फावरून घसरगाडीने बाहेर आणला, आणि १९०४ च्या मे महिन्यात वॉलेस तो घेऊन न्यूयॉर्कला पोहोचला.

१९०५ साली वॉलेसचे पुस्तक निघाले आणि ते फार खपले. हबर्डची पत्नी मिनाबाई यांना मात्र ते रुचले नाही. मूळच्या कॅनडातील ऑन्टारिओच्या या बाई परिचारिका होत्या. विवाह १९०१ चा. पतीचे दुबळे चित्र रंगविले गेले, असे त्यांना वाटले, आणि वॉलेसविषयी त्यांच्या मनात कायमची अढी बसली. दोन मित्रांच्या सहलीचा असा शेवट व्हावा, ही या कथेतील एक दुःखाची बाजू आहे. वॉलेस पुन्हा लाब्राडोरला निघाला. मिनाबाईंनीही पतीचे अपुरे राहिलेले कार्य आपणच पुरे करावयाचे ठरविले, आणि जॉर्ज एल्सनला बोलाविले. २७ जून १९०५ रोजी एकाच ठाण्यावरून, एकाच दिवशी, दोन्ही तुकड्या निघाल्या.

मिनाबाईंच्या तुकडीत चार पुरुष होते. एल्सन, जेम्स उपसागराकडचे जोसेफ इसरहॉफ आणि जोब चॅपीस, आणि लाब्राडोरमधील गिल्बर्ट ब्लेक. हा गिल्बर्ट वॉलेसला वाचविणाऱ्या चौघांपैकी एक. ग्रँड लेकचा परिसर त्याच्या पायाखालचा होता. पैसा बाईंचा आणि हेतूही बाईंचा. परंतु होडी कोठे घालावयाची, धबधबा कोठे टाळावयाचा, मुक्काम केव्हा हलवावयाचा, हे एल्सन आणि त्याचे सोबती ठरवीत. बाई पाहणी करीत, नोंदी ठेवीत, छायाचित्रे घेत. एकदा त्या एकट्याच डोंगरावर गेल्या, तेव्हा मागे राहिलेल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी बाईंना असे पुन्हा न करण्याबद्दल बजावले आणि बाईंनी ते मानले. पगारी माणसांनी मालकिणीस बजावावे आणि तिने ऐकावे, ही लहानशी गोष्ट आम्हास या प्रवासातील मोठी गोष्ट वाटते. पुढे जॉर्ज नदीवर इनूंचे तळ लागले. तेथे त्यांनी वाट विचारली. वेगाने गेलात तर पाच मुक्काम पडतील, असे तेथल्या लोकांनी सांगितले. २७ ऑगस्ट रोजी, निघाल्यापासून ६१ दिवसांनी, साडेपाचशे मैलांहून अधिक मजल मारून मिनाबाई उंगावा उपसागराजवळच्या ठाण्यावर पोहोचल्या. शिधा शिल्लक होता आणि पाचही माणसे धडधाकट होती.

वॉलेसची तुकडी १६ ऑक्टोबरला आली. त्याने नास्कापी सोडून इनूंची जुनी खुष्कीची वाट धरली होती. ती पुढे त्याच्या हातून निसटली. त्याचे तिघे सोबती मिचिकामाऊहून परत फिरले, आणि तो व ईस्टन असे दोघेच पुढे गेले. जॉर्ज नदीत त्यांची होडी उलटून बरेचसे सामानही गेले. तरी ते पार झाले, हे त्याच्या जिद्दीचे फळ होय.

आता या दोन प्रवासांचा ताळा पाहताना घाई करून चालणार नाही. १९०५ साली खरी नदी कोणती हे ठाऊक झाले होते. प्रयाण अठरा दिवस आधी झाले होते. माणसे, होड्या आणि शिधा अधिक होता. कॅरिबूचा कळप भेटला, हे दैवही अनुकूल होते. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. खरी नदी ठाऊक झाली ती विचारल्यामुळे. शिधा पुरला तो जाणत्यांनी हिशेब केल्यामुळे. आणि पाण्यावरचा शब्द ज्याला पाण्याची माहिती होती त्याचा चालला. एल्सन तोच होता. त्याच्या अंगच्या ज्ञानाला १९०३ साली जी जागा मिळाली नाही, ती १९०५ साली मिळाली.

मिनाबाईंनी केलेला नकाशा भूगोलतज्ज्ञांनी मानला. त्यांचे पुस्तक १९०८ साली लंडनला निघाले. त्यात पतीची रोजनिशी आणि एल्सनचे स्वतःचे निवेदनही त्यांनी छापले, ही त्यांची न्यायबुद्धी. त्यांची स्वतःची मूळ रोजनिशी पुढे २००५ साली प्रसिद्ध झाली. १९१३ साली वॉलेस मित्राच्या अखेरच्या मुक्कामी पाटी लावावयास गेला. पाटी वाटेतच नदीत गेली, तेव्हा त्याने तेथील दगडावरच अक्षरे कोरली. वॉलेस १९३९ साली, एल्सन १९४४ साली आणि मिनाबाई १९५६ साली निवर्तल्या.

मिनाबाईंच्या पुस्तकाच्या नावात लाब्राडोरला 'अज्ञात' असे म्हटले आहे. हा शब्द वाचताना आम्ही अडखळतो. अज्ञात कोणाला? ज्या नदीवर पाच मुक्कामांचा हिशेब तळावरची माणसे तोंडी सांगत होती, ती नदी त्यांना अज्ञात नव्हती. मिचिकामाऊ हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतले. प्रवासाच्या इतिहासात ज्याने लिहिले त्याच्या नावावर वाट लागते. ज्याने ती दाखविली तो पुस्तकात एखाद्या प्रकरणापुरता येतो, आणि ज्यांची ती पिढ्यान् पिढ्यांची वाट, त्यांचे नाव बहुधा येतच नाही.

आणि ही कथा १९०५ साली संपली, असेही नाही. हबर्डने दुरून पाहिलेले मिचिकामाऊ आज त्या रूपात अस्तित्वात नाही. चर्चिल फॉल्स येथील वीजनिर्मितीसाठी १९७० नंतरच्या काळात बांध घालून स्मॉलवुड नावाचा अवाढव्य जलाशय करण्यात आला, आणि ते सरोवर त्यात बुडाले. इनूंची शिकारीची भूमी, होड्या वाहून नेण्याच्या त्यांच्या वाटा आणि पूर्वजांची दफनस्थाने पाण्याखाली गेली. तेथे राहणाऱ्यांना त्या वेळी कोणी विचारले नव्हते. नास्कापी नदीचे वरचे पाणीही त्या जलाशयाकडे वळविण्यात आले, त्यामुळे हबर्डला जी नदी सापडली नाही ती आता पूर्वीइतकी वाहत नाही.

१९०३ साली न विचारल्यामुळे एक उमदा तरुण गेला. पुढे न विचारल्यामुळे एका लोकसमूहाची वहिवाटीची भूमी गेली. पहिल्या वेळी अपराध अधीरतेचा होता. दुसऱ्या वेळी मोजमाप, नकाशे, यंत्रे सारे काही होते, तरी तोच प्रश्न राहून गेला. या सुट्टीत आपल्यापैकी कित्येकजण मित्रांसह रानावनांत जातील. त्यांनी जरूर जावे. नकाशाही जरूर जवळ बाळगावा. परंतु पायथ्याच्या वाडीत घटकाभर थांबून, तेथल्या म्हाताऱ्याशेजारी बसून वाट विचारावी. तो सरळ सांगेलच असे नाही. कदाचित तो आपले स्वप्न सांगेल. तेही नीट ऐकून घ्यावे.